इथं टोकन नसतं

बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाची रांगेवर फार श्रद्धा असते. आमच्या उमेदीच्या काळात पैसे काढायला आलेल्याला पितळी टोकन मिळे. सव्विसाव्या नंबरच्या पेन्शनर आजींनंतरच सत्ताविसाव्या नंबरच्या शेठजींचा पुकारा व्हायचा. काही शेठजी मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पिऊन परस्पर पैसे नेत, तो भाग वेगळा!

हीच श्रद्धा घेऊन दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचलो. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ही न्हाणीघरात घसरून पडली होती. मनगट टम्म सुजलेलं. सिस्टरनं नाडी आणि रक्तदाब पाहिला, बोटं हलवायला सांगितली, हात झोळीत बांधला आणि ‘बसा’ म्हणाली. आम्ही बसलो.

पाऊण तासानं चाळिशीचा एक माणूस आला. चालत आला. घामानं शर्ट भिजलेला. ‘ॲसिडिटी असेल’ असं म्हणत होता. त्याला तडक आत घेतलं आणि माझ्यातला बँकवाला जागा झाला. ‘अहो, आम्ही आधी आलोय!’ सिस्टर चालता चालताच म्हणाली, ‘काका, इथं नंबर नसतो.’ मग मी आवाज चढवला. तिचं नाव विचारलं. वर तक्रार करीन म्हणालो. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्या माणसाची बायको दाराबाहेर उभी होती, त्याच्या चपला हातात धरून. ही उठली, तिच्याजवळ गेली आणि चांगल्या हातानं तिचा हात धरून बसली. मला म्हणाली, ‘तुम्ही आधी खाली बसा बघू.’

पुढे तासाभरानं एका तरुण डॉक्टरनं सगळं समजावलं. तातडीच्या विभागात कोण आधी आलं याला महत्त्व नसतं. कोण किती धोक्यात आहे, हे आधी पाहतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबलं तरी चालेल, अशी साधारण वर्गवारी असते. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत व्हावा, असा दंडक आहे. सुजलेलं मनगट दुखतं खूप, पण बोटांत रक्त आणि संवेदना असेल तर ते थांबू शकतं. म्हणजे आम्हाला थांबवलं, ही खरं तर आनंदाची बातमी होती.

पण ही बातमी आम्हाला कुणी दिली नव्हती, आणि माझं भांडण आहे ते इथं. ‘तुमच्या जिवाला धोका नाही, म्हणून थांबवलंय, दुखणं वाढलं तर लगेच सांगा,’ एवढी दोन वाक्यं पुरली असती. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१० साली कायदा केला. तो हवाच. पण बाकावर बसलेल्या नातेवाइकाची भीती कायद्यानं जात नाही, सांगण्यानं जाते. आमच्या शाखांत ‘चौकशी’ची एक खिडकी असे. प्रत्येक कॅज्युअल्टीत अशी एक खुर्ची असावी आणि तिच्यावर फक्त सांगायला एक माणूस बसावा. यंत्रं लाखोंची येतात, या खुर्चीलाच नेमके पैसे नसतात!

आपल्यालाही काही गोष्टी ठाऊक हव्यात. अपघात झालेल्याला ‘आधी पोलीस येऊ द्या’ म्हणून ताटकळत ठेवता येत नाही. सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं. आपल्या राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या योजनेप्रमाणे तातडीच्या रुग्णाला धोक्याबाहेर येईपर्यंत उपचार द्यावेच लागतात, आणि गरीब रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. रस्त्यावरच्या जखमीला पोचवणाऱ्याला २०१९ पासून मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, तीही मोफत.

आणि आपलं काम? चालू औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेवावी. त्रास किती वाजता सुरू झाला, ते घड्याळ पाहून सांगावं; तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर ही वेळच सगळं ठरवते. डॉक्टरांनी पाहण्याआधी रुग्णाला चहापाणी देऊ नये. माहिती एकानंच द्यावी. आणि सोबत सगळी आळी नेऊ नये.

सहा आठवड्यांनी हिचं प्लास्टर काढायला गेलो, तेव्हा त्या सिस्टरची माफी मागावी म्हणून मुद्दाम कॅज्युअल्टीकडे वळलो. ती समोरून स्ट्रेचर ढकलत धावत येत होती. मी वाट सोडून बाजूला उभा राहिलो. माफी राहूनच गेली, म्हणून इथं मागतो आहे.