हुशार आहे, म्हणून सहन करा?

उमरेडच्या कोळसापट्ट्यात यंत्रं कळणाऱ्या माणसाला मान आहे, आणि तो असावाच. शॉवेल बंद पडला की मागे डंपरची रांग लागते. अशा वेळी आवाजावरून पंपातला बिघाड ओळखणारा फोरमन देवासारखा वाटतो. मग त्यानं हेल्परला चारचौघांत मूर्ख म्हटलं, कुणाची शंका हातानंच उडवून लावली, तरी समजूत घालणारे म्हणतात, "हुशार गडी आहे, जरा सहन करा."

हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. असा हात तयार व्हायला वर्षं लागतात. खाणीत गोड बोलून ब्रेक लागत नाहीत. तोंडानं फाटका पण कामात अचूक असलेला माणूस मीही पसंत करीन. पण इथं रागीट आणि उद्धट यांची गल्लत होते. रागीट माणूस ओरडतो, पण ऐकतो. उद्धट एखादवेळी ओरडणारही नाही. तो ऐकत मात्र नाही.

न ऐकण्याची किंमत 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर मोजली गेली. केएलएम या विमान कंपनीचा कॅप्टन तिथला नावाजलेला प्रशिक्षक होता. धुक्यात, परवानगी मिळालेली नसताना त्यानं विमान पळवलं. समोरचं पॅन ॲमचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, ही शंका फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली. कॅप्टननं ती ठामपणे झटकली, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. दोन्ही विमानं आदळली आणि 583 माणसं गेली. धुकं, रेडिओवरचा गोंधळ अशी कारणं आणखीही होती. पण हुशारी तिथं कमी नव्हती. पुढं विमान कंपन्या वैमानिकांना कनिष्ठांचं ऐकायला आणि कनिष्ठांना ठासून बोलायला शिकवू लागल्या.

"दुर्लक्ष करा, आपलं काम करा," हा सल्ला तर 'सहन करा'पेक्षाही फसवा. त्या फोरमननं जोडलेल्या होजखाली उद्या तुम्हालाच उभं राहायचं असतं. "त्याले कोन विचारन?" असं म्हणून हेल्पर गप्प बसला, की गळतीची खबरही त्याच्यापाशीच राहते.

फोरमनचा स्वभाव सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. विचारणं हाच कामाचा भाग करावा. खाण नियम, 1955 मध्ये ही सोय आहे: पाचशे किंवा अधिक माणसांच्या खाणीत कामगारांच्या बाजूचे तीन निरीक्षक, खाणकाम, यांत्रिक आणि विद्युत, असे नेमावे लागतात. व्यवस्थापक वाईट आहे असं कायदा धरत नाही. त्याच्याही नजरेतून काही सुटू शकतं, एवढंच धरतो. वर्कशॉपातही शंका आणि तिचं उत्तर शिफ्टच्या रजिस्टरात लिहावं. "मी सांगतो ना" हे उत्तर नव्हे. कारण लिहून मागावं, तेही आवाज न चढवता. अपमान झाला तर तिथल्या तिथं भांडू नये. काय बोलला आणि त्यानं कोणतं काम अडलं, हे साहेबाला एकट्यात सांगावं.

खरी कसोटी साहेबाचीच. हा फोरमन पोळ्याला गावी गेला आणि डंपर दोन दिवस उभा राहिला, तर त्याची हुशारी सांगत बसू नये. तो परतला की पुढची दुरुस्ती हेल्परच्या हातानं करून घ्यावी, आणि फोरमनला शेजारी उभं राहून शिकवायला लावावं.