अधिक कोणतें, उणें कोणतें?

“तीन जास्त कीं पांच जास्त?” असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारला, तर आपली थट्टा चालली आहे असेंच तो समजेल. परंतु पांच वर्षांच्या बालकास हा प्रश्न किती अवघड जातो, याची कल्पना पुष्कळ शिक्षकांसहि नसते. मुळशी तालुक्यांतील एका वाडीवर मीं एका मुलापुढें चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. प्रत्येकींत पांच चिंचोके होते. “दोन्ही सारखे,” असें त्यानें सांगितलें. मग त्याच्या देखतच मीं एका ओळींतील चिंचोके दूर दूर सरकविले व पुनः तोच प्रश्न केला. क्षणभरहि न थांबतां त्यानें लांब ओळीकडे बोट दाखविलें व म्हटलें, “हे जास्त!” जवळ उभीं असलेलीं मोठीं माणसें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण हाच मुलगा एकपासून शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणत असे, आणि त्याबद्दल त्याचें कौतुकहि होत असे.

दोष त्या मुलाचा नव्हता. स्वित्झर्लंडमधील ज्याँ पियाजे या पंडितांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नेमकी हीच गोष्ट दाखविली आहे. लहान मूल संख्येपेक्षां ओळीच्या लांबीवर अधिक भरंवसा ठेवतें. पुढील संशोधकांनीं असेंहि दाखविलें कीं, प्रश्न विचारण्याची रीत बदलली तर पुष्कळ मुलें बरोबर उत्तर देतात. म्हणजे समजेचा अंकुर मुलाच्या ठिकाणीं असतो. त्यास पाणी घालण्याची रीत आम्हां मोठ्यांस साधलेली नसते.

माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, संख्यांचा लहानमोठेपणा आम्ही उलट्या क्रमानें शिकवितों. प्रथम अंक पाठ करवितों, लगेच फळ्यावर दोन अंक लिहून त्यांमध्यें चिन्ह घालावयास सांगतों, आणि मुलाचा गोंधळ उडाला म्हणजे मगरीची युक्ति सांगतों: मगर भुकेली असते, म्हणून तिचें तोंड मोठ्या संख्येकडे! मुलास मगर लक्षांत राहते, संख्या राहत नाहीं. ‘चार आणि चार’ समोर आले कीं, ही मगर कोणीकडे वळवावी हें त्यास कळेनासें होतें. हीं चिन्हें थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ सालीं छापलेल्या ग्रंथांत प्रथम दिसतात. त्यापूर्वीं हजारों वर्षें माणसें गुरांची, धान्याची व नाण्यांची तुलना करीतच होतीं. मग बालकानेंच ती चिन्हापासून कां आरंभावी?

शब्दांचाहि एक घोटाळा आहे. तीन भोपळे व पांच मिरच्या समोर ठेवून “मोठे कोणते?” असें विचारलें, तर मूल भोपळ्यांकडे बोट करील, आणि तें चूक म्हणतां येणार नाहीं! ‘मोठा’ हा शब्द आपण आकारासहि लावतों व संख्येसहि. यास्तव आरंभीं ‘जास्त’, ‘कमी’ आणि ‘सारखे’ हेच शब्द वापरावे. ‘मोठी संख्या’ हा प्रयोग मागाहून यावा.

खरी रीत आमच्या गोठ्यांतच आहे. सायंकाळीं गुरें परतलीं म्हणजे ज्यास मोजतां येत नाहीं असा पोरहि एकेका जनावरास एकेक दावें लावतो. एक दावें मोकळें राहिलें कीं तो ओरडतो, “एक गाय आली नाहीं!” जोडीस जोड लावणें, आणि उरलें कोणाकडे तें पाहणें, हाच तुलनेचा पाया होय. पंगतींतील माणसें व ताटें, भाताच्या लावणीचे वेळीं बांधावर मांडलेल्या रोपांच्या मुठी व त्या उचलणारे हात, यांतून हाच धडा देतां येतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यांत महागडीं साधनें दूर सारून आसपास मिळणाऱ्या वस्तूंचा उपयोग केला, व बालवाडी मुलांच्या अंगणांत नेली. मुळशींत चिंचोके, खडे व पानें यांस काय तोटा?

यांतहि क्रम पाळावा. प्रथम दोन व सात, मग चार व सात, आणि शेवटीं सहा व सात. जवळजवळच्या अंकांची तुलना करावयास प्रौढ माणसांसहि किंचित् अधिक वेळ लागतो, असें मोयर व लँडॉअर यांनीं १९६७ सालीं प्रयोगानें दाखविलें. मग बालकाची काय कथा? वस्तूंनंतर ठिपके, ठिपक्यांनंतर अंक, आणि सर्वांत शेवटीं चिन्ह.

कोणी म्हणतील, एवढा वेळ कोणास आहे? अभ्यासक्रम पुरा व्हावयास हवा. परंतु मुलें तिसरी पुरी करीपर्यंत त्यांस वाचन व अंकज्ञान यावें म्हणून १९४७ नंतरच्या पाऊण शतकानें, २०२१ सालीं, केंद्र सरकारास निपुण भारत हें अभियान काढावें लागलें. घाईनें वेळ वांचला असता तर ही पाळी आली नसती. शिवाय या तालुक्यांत आज गुंठ्यागुंठ्यानें जमिनीचे व्यवहार होतात. ज्यास अधिकउणें स्वतःच्या बुद्धीनें पारखतां येत नाहीं, त्यास दुसऱ्याच्या शब्दावर सही करावी लागते.

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांस माझी विनंति आहे. सुटींत घरीं गेल्यावर धाकट्या भावंडापुढें चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडा. उत्तर चुकलें तर हंसूं नका; बरोबर आलें तरी तेवढ्यावर थांबूं नका. “तुला कसें कळलें?” असें विचारा, आणि त्याचें उत्तर शांतपणें ऐका.

शुभवर्तमानांतील गरीब विधवेची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. श्रीमंतांनीं भांडारांत पुष्कळ द्रव्य टाकलें, तिनें दोनच लहान नाणीं टाकलीं, आणि प्रभूनें तिचें दान सर्वांहून अधिक ठरविलें. ‘दोन’ हें ‘पुष्कळां’हून किती थोडें, हें ज्यास ठाऊक आहे, त्यासच त्या निवाड्याची थोरवी उमगते.