मनोबलाचा बाजार

परीक्षांचा हंगाम जवळ आला की मनाची सुप्त शक्ती जागृत करून देणाऱ्या शिबिरांचे फलक शहरोशहरी झळकू लागतात. दोन दिवसांत आत्मविश्वास, चार दिवसांत एकाग्रता, असा हा रोखीचा व्यवहार. त्यासाठी गीतेची आणि पतंजलीची साक्ष काढली जाते; मात्र या साक्षीदारांचे म्हणणे ऐकून घेण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या शक्तीचे कौतुक करीत नाही, गाऱ्हाणे मांडतो. मन आवरणे हे वारा कोंडण्याइतके दुष्कर आहे, असे तो म्हणतो आणि श्रीकृष्ण ते खोडून काढीत नाहीत. ते मान्य करूनच अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. योगसूत्रांतही हीच जोडी आहे; शिवाय तो अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक झाला पाहिजे, अशी अटही आहे. (शिबिरांच्या पत्रकांत ही अट आढळत नाही.) समर्थांना मनाची समजूत घालण्यासाठी २०५ श्लोक लिहावेसे वाटले, ते उगाच नव्हे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्या प्रवचनांनी तुरुंगाच्या भिंती कोसळल्या नाहीत. तसे आश्वासनही कोणी दिले नव्हते. ही परंपरा मनाला जग वाकविण्याचे हत्यार मानीत नाही. मनालाच वळण लावावयाचे, एवढाच तिचा आग्रह आहे.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. मन खंबीर असेल तर सर्व साध्य होते, असे एकदा ठरविले की अपयशी ठरलेला प्रत्येक जण आपोआप दुबळ्या मनाचा ठरतो. शिकवणीचे शुल्क न परवडलेला विद्यार्थी, महिनोन्‌महिने झोप हरपलेली मुलगी, या सर्वांच्या कपाळी हा एकच शिक्का बसतो. नैराश्य हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत. ते मिळणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मान्य केले आहे. असे असता आजारी मुलाला वैद्याऐवजी व्याख्यात्याकडे पाठविले जावे आणि गुण न आल्यास त्याच्याच श्रद्धेत खोट काढली जावी, हा प्रकार निर्दयपणाचा आहे.

शाळा-महाविद्यालयांनी आपली सभागृहे अशा शिबिरांना देण्यापूर्वी संयोजकांना एक प्रश्न अवश्य विचारावा: समोर बसलेल्या मुलांपैकी एखाद्याला डॉक्टरची गरज आहे, हे त्यांच्यापैकी कोणाला ओळखता येते काय?