बांधावर सगळे फिरतात, बांध कोण पाहतो?

पुण्यात पाषाणहून सूसच्या दिशेने निघालं की सुतारवाडीजवळ पाषाण तलाव लागतो. खाटपेवाडीकडून येणारी राम नदी भूगाव, बावधन करत इथवर येते, अडते आणि पुढे बाणेरकडे जाऊन मुळेला मिळते. ब्रिटिश काळात पाण्यासाठी बांधलेल्या या तलावावर आता लोक येतात ते चालायला आणि पक्षी पाहायला. भूगावचा मानस तलावही सहलीचं ठिकाण झाला आहे. यात वावगं काहीच नाही. शहराला अशा जागा हव्यातच. पण तलाव पाण्याच्या गरजेसाठी असतो तेव्हा त्यावर अवलंबून असलेला माणूस बांधही पाहतो. तो विरंगुळ्याचा झाला की जलपर्णी, बाकडी, दिवे यांची चर्चा होते आणि पाणी अडवून धरणारा मातीचा भराव कुणाच्याच कामात बसत नाही. २०२१ साली सूससह तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. हद्द आणि खाती बदलण्याच्या अशा काळात बांधाच्या देखरेखीचं काम हमखास दोन टेबलांच्या मधे पडतं.

विरंगुळ्यासाठी बांधात केलेले बदल किती महागात पडतात, याचं सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणाचं आहे. कालव्यासाठी बांधलेलं हे मातीचं धरण पुढे श्रीमंतांच्या मासेमारी क्लबकडे गेलं. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. ते पुन्हा बसवलेच नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली आणला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मोठ्या पावसात त्या जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहिलं, भराव गेला आणि खालच्या जॉन्सटाउन गावात २,२०० हून अधिक माणसं मेली. यातला प्रत्येक बदल करताना तो निरुपद्रवीच वाटला असणार.

मातीचं धरण दगडी धरणासारखं माथ्यावरून पाणी जाऊ देऊ शकत नाही. पाणी एकदा माथा ओलांडून खालच्या उतारावर आलं की भराव काही तासांत कापला जातो. म्हणून सांडवा हा त्याचा प्राण. त्यात साठलेली जलपर्णी, प्लास्टिक किंवा कुणी घातलेली भिंत म्हणजे बांधावरचं थेट संकट. दुसरा धोका आतून येतो. खालच्या उताराच्या पायथ्याशी पावसाळा संपल्यावरही गवत एखाद्याच पट्ट्यात हिरवंगार आणि जमीन चिकचिकीत राहिली, तर तिथे बसून पाहावं. पाझर स्वच्छ असेल तर त्याची नोंद ठेवून तो वाढतो का ते मोजायचं. पण पाणी गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येत आहे आणि त्याच दिवशी अभियंता तिथे हवा. झाडोरा माजलेल्या उतारावर हा पट्टा दिसतच नाही, खेकड्या-उंदरांची बिळंही दिसत नाहीत. मोठं झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते.

एवढ्याशा तलावाने काय होणार, असं म्हटलं जातं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरणही लहानच होतं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. खेकडे बांध पोखरतात हे खरंच आहे, पण म्हणूनच तर बांध पाहायला माणूस लागतो. इतकी वर्षं टिकला तो पुढेही टिकेल, हा दुसरा युक्तिवाद. बांध तोच असला तरी त्याच्यावर येणारं पाणी तेच राहिलेलं नाही. बावधन-भूगावच्या माळावर मुरणारा पाऊस आता काँक्रीटवरून काही मिनिटांत नदीत उतरतो, आणि बांधाच्या खालच्या अंगाला शेतांऐवजी वस्ती आली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने दाखवून दिलं की काही तासांचा पाऊस लहानशा पाणलोटातूनही पुण्यात माणसं मारू शकतो. पानशेत धरण फुटल्याचं संकट ज्या शहराने १२ जुलै १९६१ रोजी भोगलं, त्याला आणखी पुरावा का लागावा?

अशा कामांत काठ बिघडेल, ही पक्षीप्रेमींची काळजी मात्र रास्त आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली काठ सिमेंटचा करणं हा उपाय नव्हेच. तसं झालं तर पक्षीही जातील आणि भरावाचा पाझरही नजरेआड होईल. मोठी झाडं नकोत ती फक्त भरावावर आणि त्याच्या पायथ्याशी. काठावरची, बेटावरची झाडं राहू द्यावीत. कायदा आहे ना, असंही कुणी म्हणेल. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना लांबी, साठा अशा काही अटींवर. गावोगावचे कितीतरी तलाव या चाळणीतून खाली पडतात. त्यांच्यासाठी महापालिका आणि जिल्हा परिषदेनेच नेम घालून घ्यावा: मे महिन्यात सांडवा मोकळा करून, गवत कापून भरावाची पाहणी, पावसाळ्यानंतर दुसरी, आणि दोन्हींचे अहवाल लोकांसमोर. नव्या पावसाच्या आणि नव्या बांधकामांच्या हिशेबाने सांडव्याची क्षमता एकदा पुन्हा तपासावी. सुशोभीकरणाच्या प्रत्येक निविदेत हा खर्च आधी धरावा. त्याशिवाय माथ्यावर पदपथ किंवा सांडव्याजवळ कुंपण मंजूर होऊ नये. तलावाच्या दारात वेळा आणि नियमांचा फलक असतोच. त्यावर बांधाच्या जबाबदार अभियंत्याचं पद, रात्री उचलला जाईल असा फोन नंबर आणि शेवटच्या पाहणीची तारीख लिहावी. येत्या मेपूर्वी एवढं तरी व्हावं.