उताराचा हिशेब

लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा तर कायद्याने वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना 18व्या वर्षी मिळतो आणि तो किमान वर्षभर हाती असल्याशिवाय परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना दिला जात नाही. आठवी पास असण्याची जुनी अट 2019 मध्ये काढून टाकण्यात आली. वैद्यकीय प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि आरटीओची चाचणी या पायऱ्या कायम आहेत. मिळालेला परवाना पाच वर्षांचा असतो. ज्वालाग्राही माल किंवा रसायने न्यायची असतील तर वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांसाठी हलक्या वाहनाचाच परवाना पुरेसा ठरवला, त्यामुळे टेम्पोवर हात बसवून मग ट्रककडे वळण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा सरळ झाला आहे.

परवाना हातात आला म्हणजे स्टिअरिंग हातात आले असे होत नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी आणि दुसऱ्याचा लाखोंचा माल कोणताही मालक नवख्याच्या हवाली करत नाही. म्हणून या धंद्याची खरी शाळा क्लीनरच्या सीटवर भरत आली. क्लीनरला जुन्या बोलीत किन्नर म्हणत. काच पुसणे, ताडपत्री बांधणे, गाडी मागे घेताना हाळी देणे आणि रात्री ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणे ही त्याची कामे. पहिल्यांदा गाडी हाती मिळते तीही बहुधा रिकामी आणि रुंद, सरळ रस्त्यावर. अलीकडे खर्च वाचवण्यासाठी बऱ्याच मालकांनी क्लीनरच बंद केला. त्यात एक पगार वाचला, पण नवा ड्रायव्हर तयार होण्याची जागाही गेली, आणि आता तेच मालक ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून हळहळतात.

या शाळेतला पहिला धडा टायरचा. मागच्या जोडटायरांपैकी आतला बसला तरी बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचा त्याचे ओझे उचलून धरतो. मग लोखंडी टामीने प्रत्येक टायर ठोकून पाहतात. हवा भरलेल्या टायरवर टामी उसळते आणि आवाज टणक येतो. हवा कमी असेल तर ती रुतल्यासारखी होते आणि आवाज बद्द येतो. जाणता ड्रायव्हर चहाला उतरला तरी परत चढण्याआधी ही फेरी घालतो. नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 ट्रकांना डिझेलबरोबर युरियाचे द्रावण लागते. ते संपत आल्याचा इशारा दुर्लक्षिला तर इंजिनाची ताकद आपोआप कमी होते, आणि हे नेमके चढावर कळते.

दुसरा धडा वजनाचा. टाटाच्या गाडीवर 2818 असा आकडा असेल तर पहिले दोन अंक मालासह एकूण 28 टन वजन सांगतात, पुढचे दोन साधारण 180 अश्वशक्ती. गाडीचे स्वतःचे वजन यातून वजा करायचे आणि उरेल तेवढाच माल घ्यायचा. काट्यावर जादा वजन निघाले तर दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2,000. काट्यावर थांबायलाच नकार दिला तर 40,000. माल भरायला लावणारा दुसराच असतो, पण काट्यावर उभा राहतो तो ड्रायव्हर.

कागदपत्रांत बिल्टी, बीजक आणि 50,000 रुपयांवरच्या मालासाठी ई-वे बिल सांभाळावे लागते. ई-वे बिलाची मुदत जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी आहे. पूर्वी हाच हिशेब 100 किलोमीटरचा होता. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घेता येते, म्हणून बिघाड झाला की मिस्त्रीपाठोपाठ दुसरा फोन ट्रान्सपोर्टरला करायचा असतो. माल भरता-उतरवताना हमालीवर वाराईचा, म्हणजे हमाल ड्रायव्हरकडून मागतात त्या जादा पैशांचा, वाद ठरलेला. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी वाहतूकदारांनी कितीदा तरी लावून धरली, पण गोदामाच्या दारात पहिला हात अजून ड्रायव्हरच्याच खिशाकडे जातो.

मात्र नवख्याची खरी परीक्षा घाटात, आणि तीही चढताना नव्हे, उतरताना. जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनच तिला मागे ओढून धरते आणि ब्रेकवर क्वचितच पाय ठेवावा लागतो. न्यूट्रल केली की हा आधार सुटतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. पायडल वारंवार मारल्याने टाकीतली हवाही उतरते. इंजिन बंद केले असेल तर कॉम्प्रेसर हवा भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच कारणासाठी बदनाम झाला आहे. हा उतार फसवा आहे. घाटासारखी वळणे नाहीत, रस्ता रुंद, त्यामुळे गाडीने वेग कधी घेतला ते कळत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने एका झटक्यात अनेक वाहनांना धडक दिली होती.

न्यूट्रलचा धोका माहीत नाही असा ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही. तरी गाड्या न्यूट्रल होतात, कारण अनेक ठिकाणी मालक एका खेपेचे डिझेल, टोल आणि वाटखर्च मिळून ठोक रक्कम देतो आणि वाचेल ते ड्रायव्हरचे. काही ठिकाणी ॲव्हरेज ठरवून दिलेले असते आणि जास्त लागलेले डिझेल पगारातून कापतात. अशा हिशेबात उतारावर वाचलेले दोन लिटर ही कमाई ठरते. झोपेचेही तेच. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्यावर परवानगीने फार तर दहा, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे ठरवले होते. खेपांवर पैसे मिळत असतील तर हे तास कोण मोजणार? 2025 पासून नव्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले ही सुधारणा चांगलीच, पण थंड केबिनही झोपेची भरपाई करत नाही.

अपघात झालाच तर जखमीला मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर मदतीबाबत कायदा सूट देतो, पण पोलिसांपासून लपण्याची नाही. जवळच्या ठाण्यात स्वतः हजर होणे, आणि तेही 24 तासांच्या आत, हाच अशा वेळचा मार्ग.

गाडी पत्करताना मुले पगार किती आणि भत्ता किती एवढेच विचारतात. डिझेलचा हिशेब प्रत्यक्ष पावतीवर की ठोक, आणि जादा लागलेले डिझेल कोणाच्या अंगावर, हे त्याआधी विचारावे. ते ड्रायव्हरच्या अंगावर असेल तर दुसरा मालक पाहावा.