विश्लेषण : अंगणातला कावळाही मोजायचा, तो कशासाठी?

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरातील पक्षीप्रेमी आपापल्या परिसरातील पक्षी मोजतात. भारतही २०१३पासून या गणनेत सहभागी आहे. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही की महागडी दुर्बीण लागत नाही. पंधरा मिनिटे, एक खिडकी आणि हातातला मोबाइल एवढ्यावर काम भागते. मात्र अनेक नवखे निरीक्षक तांबट आणि सूर्यपक्षी हौसेने लिहितात. कावळा, साळुंकी, कबुतर ‘हे काय मोजायचे’ म्हणून सोडून देतात. गणनेचे सगळ्यात मोठे नुकसान तिथेच होते. ते कसे, हे समजून घेण्याजोगे आहे.

ही गणना काय आहे?

‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ १९९८मध्ये अमेरिकेत सुरू झाली. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांचा तो उपक्रम. २०१३मध्ये ती जगभर खुली झाली. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ तिचा समन्वय पाहते. नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत अ‍ॅपवर होतात. ब्रिटनमध्ये आरएसपीबी ही संस्था १९७९पासून जानेवारीअखेरीस अशीच बागेतील पक्ष्यांची गणना घेते. तिथे एक तास ठरलेला असतो.

हिवाळ्यातच का?

ब्रिटनमध्ये थंडीत रानात खाणे मिळेनासे झाले, की पक्षी बागांकडे वळतात. महाराष्ट्रात कारण थोडे वेगळे. फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून आलेले पाहुणे स्थिरावलेले असतात. अंगणात शेपटी हलवत फिरणारा धोबी, कुंपणावर थरथरणारा थिरथिरा, मध्य आशियातून थव्याने येणाऱ्या भोरड्या या काळात दिसतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलू लागतात आणि मधासाठी झाडावर गर्दी होते. पानगळीमुळे फांदीवरचा पक्षी लपून राहत नाही. कोकीळही गळा साफ करू लागलेला असतो. पंधरा मिनिटांत स्थानिक आणि पाहुणे दोन्ही टिपण्याची संधी म्हणून हा काळ सोयीचा.

मोजायचे कसे?

गच्ची, गॅलरी, परसदार किंवा सोसायटीची बाग, कोणतीही एक जागा ठरवावी. किमान १५ मिनिटे तिथे थांबावे. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या लिहावी. दिसला नाही, पण आवाजावरून खात्रीने ओळखला, तोही चालतो. अडचण येते ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या पक्ष्यांची. एकच बुलबुल पाच वेळा पेरूच्या झाडावर आला, तर तो पाच बुलबुल होत नाही. ब्रिटनच्या गणनेत यावर सोपा तोडगा आहे : एका वेळी एकत्र दिसलेली सर्वाधिक संख्या तेवढी लिहायची. घरच्या बागेसाठी तो हिशेब उपयोगी पडतो. नाव न कळलेला पक्षी अंदाजाने लिहू नये. चुकीच्या नावापेक्षा न लिहिलेले नाव बरे.

नेहमीचे पक्षी लिहिणे का गरजेचे?

अभ्यासक या नोंदींतून मुख्यतः एक प्रश्न विचारतात : शंभर याद्यांपैकी किती याद्यांत अमुक पक्षी आहे? दहा वर्षांनी हे प्रमाण घटले, तर तो पक्षी कमी झाला असावा. पण निरीक्षकाने कंटाळा करून कावळा लिहिलाच नाही, तर तो खरोखर नव्हता की गाळला, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणूनच अ‍ॅप शेवटी विचारते, की ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का? त्या ‘हो’ला सगळी किंमत आहे. पूर्ण यादीत जे नाही, तीदेखील माहिती असते.

ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तिथे चिमणी वर्षानुवर्षे गणनेत पहिल्या क्रमांकावर आहे. तरीही प्रत्येक बागेत दिसणाऱ्या चिमण्यांची सरासरी १९७९च्या तुलनेत निम्म्याहून खाली आली. साँग थ्रश हा गाणारा पक्षी पहिल्या वर्षी पहिल्या दहांत होता. पुढे तो त्या यादीतून बाहेर पडला. ‘चिमण्या तर रोजच दिसतात’ म्हणून लोकांनी मोजणे टाळले असते, तर पहिल्या क्रमांकाआडची घट उघड झाली नसती.

भारतात यातून काय हाती लागले?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी त्यामागे आहेत. दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त ३३८ प्रजातींचा. त्यांतील २०४ घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि ३६ वाढल्या. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो नीलपंख घटलेल्यांत आहे. त्याच्या जागतिक धोका-श्रेणीचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस या अहवालाने केली. कबुतर, कोकीळ आणि मोर मात्र वाढले.

चिमणीचे उदाहरण आणखी बोधक. चिमणी दिवसाची सुरुवात २०१०मध्ये झाली, ती नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने. त्या निमित्ताने दरवर्षी २० मार्चला ‘चिमण्या संपल्या’ असा सूर लागतो. २०२०च्या अहवालात दिसले ते असे : देशभरात चिमणी साधारण स्थिर, मुंबईसह सहा महानगरांत मात्र हळूहळू घट. म्हणजे हळहळ अगदी खोटी नव्हती; पण ती कुठे लागू पडते, हे मोजल्यावरच कळले.

हौशी नोंदींवर भरवसा किती?

चुका होतात. त्यासाठी असामान्य नोंद आली, की जाणकार स्वयंसेवक ती तपासतात, फोटो किंवा वर्णन मागतात. एकट्या यादीला फार अर्थ नसतो, लाखो याद्यांतून कल दिसतो. खरी उणीव निराळी आहे. निरीक्षक मोठ्या शहरांभोवती आणि प्रसिद्ध पाणथळींवर एकवटतात. एखाद्या खेड्यातल्या परसातील बाभळीवर काय आहे, हे नोंदवणारे मोजकेच. त्यामुळे तिथून आलेली साधी यादी अभ्यासकाला शहरातल्या शंभराव्या यादीपेक्षा अधिक सांगते.

संख्या वाढावी म्हणून दाणे टाकावेत का?

टाकू नयेत. गणना म्हणजे स्पर्धा नव्हे. दाण्यांच्या ढिगावर कबुतरे वाढतात, लहान पक्षी मागे हटतात. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५मध्ये झालेला वाद सर्वांना आठवत असेल. ब्रिटनमध्ये अस्वच्छ खाद्यपात्रांवरून पसरलेल्या ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या कोसळली. त्यापेक्षा जास्वंद, कढीपत्ता, पेरू अशी झाडे आणि रोज घासून भरलेले पाण्याचे पसरट भांडे पुरे.

मग घरच्या घरी काय करता येईल?

चार दिवसांचा उत्सव साजरा करून थांबण्यात अर्थ नाही. एकच जागा, एकच वेळ आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटे असा नेम धरला, तर वर्षभरात ५० हून अधिक याद्या होतात. शेजारचे चिंचेचे झाड तुटले किंवा जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली, की काय गेले आणि काय आले याचा लेखी पुरावा घरातच असतो. वृक्षतोडीवर हरकत घेताना ‘इथे खूप पक्षी होते’ हे वाक्य टिकत नाही. तारीखवार यादी पुढे ठेवली, तर तिला उत्तर द्यावे लागते. त्या यादीत पहिले नाव कावळ्याचे असले, तरी बिघडत नाही. उद्या तो दिसेनासा झालाच, तर आज त्याला मोजलेले असणेच कामी येईल.