शिकारीची चिठ्ठी: वाटा की दान?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एल्क हे मोठे हरीण किंवा रानमेंढा मारावयाचा, तर बहुधा सरकारी सोडतीत नाव निघावे लागते. नाव निघालेल्यास एका जनावराची चिठ्ठी मिळते. तिला तेथे ‘टॅग’ म्हणतात. मारलेल्या जनावराला ती बांधावी लागते. कित्येकांची उमेदीची वर्षे या सोडतीची वाट पाहण्यात जातात. ॲरिझोना राज्याने मात्र एक वाट मोकळी ठेवली आहे. तेथे आईबाप वा आजीआजोबा आपली चिठ्ठी अल्पवयीन मुलानातवंडांच्या नावे करू शकतात. तसेच ती धर्मादाय संस्थेमार्फत दुर्धर आजाराने ग्रासलेल्या वा अपंग मुलास, किंवा सैन्यसेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकास देता येते.

ही तरतूद स्वागतार्हच आहे. रानातील जनावर जमीनमालकाचे नव्हे, जनतेचे. राज्य केवळ विश्वस्त, हे तत्त्व त्या देशाने मान्य केलेले आहे. म्हणजे चिठ्ठी हा सामायिक मालमत्तेतील वाटा ठरतो. ज्याला तो उपभोगता येत नाही त्याने तो दुसऱ्यास द्यावा, यात गैर काय?

पण याच वाट्याचा अन्यत्र बाजार मांडलेला आहे. न्यू मेक्सिकोत जमीनमालकांना एल्कच्या शिकारीचे अधिकारपत्र मिळते आणि ते विकताही येते. माँटानात 2013 साली रानमेंढ्याची एक चिठ्ठी लिलावात 4,80,000 डॉलरना गेली. हा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठीच जातो, असे समर्थन केले जाते. ते खोटे नाही. परंतु 1937 च्या कायद्यान्वये बंदुका-काडतुसांवर बसलेला कर साधा शिकारीही त्याच कामासाठी भरत आला आहे, आणि तो मुकाट्याने रांगेत उभा आहे!

सक्तीची सैन्यभरती 1973 साली थांबली. त्यानंतर पगाराच्या आणि कॉलेजच्या फीच्या आशेने कामगार वस्त्यांतील व खेड्यापाड्यांतील तरुण सैन्यात गेले. त्यांतील कित्येक इराक-अफगाणिस्तानात हातपाय गमावून परतले. अनेक राज्ये त्यांना सवलतीच्या दरात परवाना देतात. पण परवाना म्हणजे चिठ्ठी नव्हे. ती हवी तर सोडतीतील नशीब, नाहीतर कोणा अनोळखी माणसाचे औदार्य. युद्धावर धाडताना मात्र सरकारने हे काम धर्मादाय संस्थांवर सोपविले नव्हते. सोडत काढण्यापूर्वीच ठराविक चिठ्ठ्या या सैनिकांसाठी व मुलांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्यांची भरपाई लिलावाच्या चिठ्ठ्यांतून करावी. रांगेतल्या साध्या शिकाऱ्याच्या वाट्यातून नव्हे.